मदत हवी आहे: भूकंपाच्या तयारीसाठी पेसाचा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) निधी चालेल का?

डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर 2018पासून अधूनमधून धक्के बसतात. आमच्या आदिवासी संस्थेला तीन पाड्यांवर तंबू, स्ट्रेचर, सौर दिवे ठेवायचेत, पोरांना प्रथमोपचार शिकवायचाय. खर्च साधारण अडीच लाख.

12ए, 80जी (करसवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-1 (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा, म्हणजे सीएसआर निधी घेण्यासाठीची नोंदणी) सगळं आहे. एफसीआरए (परदेशी देणगी घेण्याची नोंदणी) नाही, त्यामुळे परदेशी देणगी सुचवू नका. एका सरकारी कार्यालयात उत्तर मिळालं, 'आधी घटना घडू द्या, मग बघू.' दोन कंपन्यांना सीएसआरसाठी लिहिलं, पण त्यांना शाळाच रंगवायच्या असतात!

आता उरला पेसाचा 5 टक्के अबंध निधी, म्हणजे आदिवासी उपयोजनेतून थेट ग्रामपंचायतीला मिळणारा, ग्रामसभेने खर्च ठरवायचा पैसा. ग्रामसभा तयार आहे, ग्रामसेवक ऑडिटला घाबरतात. असं साहित्य या निधीतून कुणी घेतलंय का? ठरावात ते आरोग्याखाली दाखवलं की पायाभूत सुविधांखाली?