रुळालगतचं घर, तिसऱ्यांदा उतरलेला भाव

कडीकोयंडा (धागा सुरू करताना)

शहरातलं एक घर गेले सात महिने बघतोय. दुमजली, उजेड भरपूर, स्टेशन चालत सहा मिनिटांवर. मागे छोटं अंगण, मग भिंत, आणि भिंतीपलीकडे रूळ. भाव तीनदा उतरलाय. आधी पाच टक्के, मग पुन्हा पाच, परवा एकदम आठ. तरी घर पडून आहे.

पहिल्यांदा दलालाने बरोब्बर अकराला बोलावलं होतं. वाटलं, त्याची सोय असेल. नंतर वेळापत्रक काढून बघितलं तर अकरा ते अकरा पंचवीस या मार्गावर एकही गाडी नाही! म्हणून दुसऱ्यांदा मी आपणहून संध्याकाळी गेलो. मालकीणबाई जिन्याखालचं कपाट दाखवत होत्या. "यात तुमच्या दोन मोठ्या..." एवढं बोलून थांबल्या. गाडी गेली. "...बॅगा सहज मावतील." मध्ये नऊ-दहा सेकंद गेले असतील. आपण थांबलो होतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. आवाजाचा त्रास होतो का विचारलं, तर "छे हो, आता ऐकूच येत नाही."

माझं म्हणणं एवढंच की हा दोष उघडा आहे. गळकं छत, कुजलेली तुळई, कागदपत्रांतला घोळ या गोष्टी लपतात, गाडी लपत नाही. मग भाव पुरेसा उतरला असेल तर का घेऊ नये? बायको म्हणते, फुकट दिलं तरी नको. तुमचं काय मत?

एकदाचविकलंय

मी त्या बाईंच्या जागी होतो, म्हणून लिहितो. आमचं घर रुळापासून वीसेक मीटरवर. दलालाचा सल्ला असा, की वर मागू, गिऱ्हाईक आलं की खाली येऊ. म्हणून पलीकडच्या शांत गल्लीतल्या घराइतकाच भाव लावला. पहिल्या दोन आठवड्यांत रीघ लागली. दुसऱ्यांदा मात्र कोणी फिरकलं नाही.

चूक कुठे झाली ते फार उशिरा कळलं. जाहिरात नवी असते तेव्हाच खरे गरजू येतात, कारण ते आधीपासून टपून बसलेले असतात. ते सगळे शांत घराच्या भावात शांत घर बघायला आले आणि पहिल्या गाडीसरशी गेले. पुढे भाव उतरवला तेव्हा आले ते घासाघीस करणारे. एकदा उतरला म्हणजे आणखी उतरेल, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. शिवाय पाच महिने पडून असलेल्या घराबद्दल लोक आवाजापलीकडचं काहीतरी हुडकायला लागतात. पाया खचलाय का, भाऊबंदकी आहे का, असं काय काय. शेवटी, पहिल्याच दिवशी जो भाव लावायला हवा होता त्याच्याही खाली विकलं.

माझ्या मते कपात एकदाच, आणि ती जाहिरातीआधी. वर पहिल्या ओळीत लिहायचं, 'रुळालगत'. येतील ते निम्मेच, पण जाणूनबुजून येतील. आमचं घर घेतलं त्यांचे वडील इंजिनचालक होते. गृहस्थ मागच्या खिडकीत घड्याळ काढून उभे राहिले, गाडी आली तेव्हा म्हणाले, "चार मिनिटं उशीर", आणि खूश होऊन खाली उतरले.

उशीवरउशी

भाव, भाव, भाव. झोपेचा भाव कोणी लावलाय का इथे?

'आता ऐकू येत नाही' हे मालकीणबाई खोटं सांगत नसतील. माणूस जागा व्हायचा थांबतो हे खरंच आहे. पण झोपेत गाडी गेली की नाडी क्षणभर वाढते, आणि ते वर्षानुवर्षांच्या सवयीनेही पूर्ण जात नाही. म्हणजे कानाला सवय होते, छातीला तेवढी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी आवाजाची मार्गदर्शक मूल्यं काढली. त्यात रेल्वेसाठी चोवीस तासांची भारित सरासरी (म्हणजे संध्याकाळचा-रात्रीचा आवाज जास्त वजनाने धरलेली) ५४ डेसिबल आणि रात्रीची ४४. रस्त्याला रात्री ४५ आहे. रात्रीच्या बाबतीत रेल्वेची मर्यादा रस्त्याहून एका डेसिबलने कडक आहे, हे 'गाडीचा आवाज कसा लयीत असतो' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मुलं असतील तर आणखी एक. न्यूयॉर्कमध्ये उन्नत मार्गाला लागून असलेल्या एका शाळेतल्या मुलांवर अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी केलेला अभ्यास १९७५ मध्ये छापून आला. रुळाच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांच्या मागे होती, आणि सहावीपर्यंत ही तफावत जवळजवळ वर्षभराची. मग रुळांखाली रबराचे पॅड बसवले, वर्गांना आवाज शोषणारी छतं केली, आणि पुढच्या पाहणीत तफावत दिसेनाशी झाली. शाळेत मूल दिवसाचे काही तासच असतं. घरात अभ्यासही करणार आणि झोपणारही.

वहिनींचं ऐका.

बाराडबा

एकोणीस वर्षं रुळाकाठी राहतोय. जिवंत आहे.

पहिला महिना डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या महिन्यात पहिल्या गाडीने जाग यायची, पुढच्या गाड्या झोपेतच जायच्या. तिसऱ्यात काहीच नाही. आता गंमत अशी की दुरुस्तीसाठी मार्ग बंद असला की त्या रात्री मी ताडकन उठून बसतो. शांतता टोचते.

हमरस्त्याकाठी राहून बघा आणि मग बोला. तिथे आवाज थांबतच नाही. गाडी येते, जाते, मध्ये शांतता असते. जर्मनीत तर नियमातच रेल्वेला रस्त्यापेक्षा पाच डेसिबलची सवलत होती, लोकांना गाडीचा आवाज कमी खुपतो म्हणून. आणि परसदारी रूळ म्हणजे समोर कोणी टोलेजंग इमारत बांधणार नाही, मावळतीचं ऊन आयुष्यभर तुमचं. घेऊन टाका. आणखी तीन टक्के घासा आणि घ्या.

उशीवरउशी

बाराडबा, 'होती' हा शब्द तुम्हीच लिहिलात. नव्या रेल्वेमार्गांसाठी ती सवलत २०१५ पासून काढून टाकली. का काढली असेल?

आणि शांततेत ताडकन उठता हे तुम्ही कौतुकाने सांगताय. मला ते आजारपणाचं लक्षण वाटतं.

बाराडबा

वाटू दे.

खडीआणिस्लीपर

नोकरी रूळ सांभाळण्यात गेली. दोघंही 'आवाज' हा एकच शब्द धरून भांडताय, प्रत्यक्षात चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांवर पैसे टाकून काही होत नाही.

चाक आणि रूळ घासण्याचा आवाज हा मुख्य. रूळ सलग जोडलेले असतील तर तो बराच एकसारखा असतो. जुने सांधे असतील तर खटक्-खटक्. घराजवळ काटा असेल, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, तर प्रत्येक चाक तिथे ठोका देतं. तीव्र वळण असेल तर किंचाळी येते, आणि ती सगळ्यात वाईट, कारण माणसाचा कान त्याच पट्टीला सर्वांत तिखट. फाटक जवळ असेल तर भोंगा, तोही रात्री. चाकाचा एखादा भाग घासून सपाट झालेला डबा आला तर हातोड्यासारखा आवाज करत जातो. घर बघायला जाल तेव्हा कपाटं नंतर उघडा. आधी मागच्या भिंतीवरून डोकावून दोन्ही बाजूंना काटा आणि फाटक किती लांब ते बघा.

दुसरं, अंतर. एकच स्रोत असेल तर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. लांबलचक गाडी ही रेघ आहे, बिंदू नाही, म्हणून जवळपास तीनच उतरतात. त्यामुळे 'पुढच्या खोलीत झोपू' यात अंतराचा फायदा नगण्य. खरा फायदा मधल्या भिंतींचा आणि घराच्या स्वतःच्या आडोशाचा.

खिडक्या बदलता येतात. पण नुसतं 'दुहेरी काच' म्हणून पैसे देऊ नका. बारीक फटीची सीलबंद दुहेरी काच थंडीसाठी चांगली, मालगाडीच्या घुमणाऱ्या आवाजापुढे तिचं फार चालत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या काचा, एक तरी लॅमिनेटेड (दोन काचा मध्ये पातळ थर घालून चिकटवलेली), आणि शक्यतो आतून दुसरी स्वतंत्र खिडकी, मध्ये वीतभर अंतर. चौकटीतून वारा आला तर सगळा खर्च पाण्यात. उकाड्यात खिडकी उघडलीत तरी तेच. मग हवा खेळती ठेवायची वेगळी सोय करा, तीही हिशेबात धरा. रेल्वेने आडभिंत बांधली तर तळमजल्याला आराम पडतो, पण वरच्या मजल्यावरून रूळ दिसत असेल तर कानांनाही 'दिसतो'.

आणि कंप. तो जमिनीतून घराच्या पायात आणि तिथून वर घरात येतो. त्याला खिडकी काय करणार? कपाटातले पेले किणकिणत असतील तर त्या दोषावर भाव कमी होणं हा एकच उपाय आहे, दुरुस्ती नाही.

चक्रवाढ

खडीसाहेबांनी मुद्द्याचं लिहिलं. मी फक्त आकड्यांकडे येतो, कारण 'स्वस्त घेतलं म्हणजे फायदा' हे अर्धवट आहे.

समजा शांत घर १०० ला आणि हे ८० ला. काही वर्षांत भाव दीडपट झाले, तर शांत १५० आणि हे १२०. टक्क्यांत तुमचं काहीच गेलं नाही, उलट कर्ज आणि व्याज कमी भरलंत. पण दोघांतली दरी वीसची तीस झाली. कंटाळून शांत घरात जायचं ठरवलंत तर ती दरी खिशातून भरायची. म्हणजे इथे कायमचं राहणाऱ्याला सूट खरीच मिळते. पाच वर्षांत निघणाऱ्यासाठी ती उसनवारी आहे. वर विकायला लागणारे महिने वेगळे. नोकरी बदलली आणि घर पडून राहिलं तर त्या बाईंच्या खुर्चीत तुम्ही.

तिसऱ्या कपातीनंतरही विकलं जात नाही याचा अर्थ घर वाईट असा नाही. पहिला भाव चुकला होता, इतकाच. एकूण उतार साधारण सतरा टक्के होतो (५, ५ आणि ८ ची बेरीज अठरा होते, पण प्रत्येक कपात उतरलेल्या भावावर). पण तो चुकीच्या आकड्यावरून मोजलेला सतरा आहे. जवळचीच शांत घरं प्रत्यक्षात कितीला गेली, मागितली कितीला नव्हे, ते काढा आणि तिथून मोजा. कदाचित खरी सूट सहाच टक्के निघेल.

उशीवरउशी

आणि आजचं वेळापत्रक उद्या राहील याची हमी कोण देणार? दिवसा प्रवासी गाड्यांनी मार्ग भरला की मालगाड्या रात्रीच सोडतात. उद्या तिसरा रूळ टाकला तर भाव कोणाकडून परत मागणार?

कडीकोयंडा

सगळ्यांचे आभार. काल रात्री जाऊन आलो. मालकीणबाईंना फोन करून सरळच विचारलं, रात्री मागच्या खोलीत तासभर बसू द्याल का? हसल्या, पण हो म्हणाल्या. दलालाला कळवलं नाही.

खडीसाहेब, काटा आहे. अंगणातून उजवीकडे, शंभरेक पावलांवर. फाटक नाही. चक्रवाढ, तुमचा हिशेबही केला. सहा नाही निघाले, नऊ निघाले.

एक वाजून दहाला मालगाडी आली. आधी आवाज नाहीच. खुर्चीच्या पायांतून काहीतरी वर चढत आलं, मग दाराची कडी हलायला लागली, आणि मग आवाज. संपतच नव्हती. गेल्यावर मी नुसताच बसून राहिलो. बाई बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत होत्या, डोकंही वर केलं नव्हतं. म्हटलं, केवढी लांब गाडी! तर पान उलटत म्हणाल्या, "आज अठ्ठेचाळीसच डबे होते."

उशीवरउशी

म्हणजे ऐकू येतं त्यांना.

बाराडबा

मोजणं म्हणजे त्रास नव्हे हो. मीही मोजतो.

कडीकोयंडा

शांत घरांच्या विक्रीभावावरून वीस टक्के खाली मागणी लिहून दिली आहे आज. काटा आणि कंप कारण म्हणून स्पष्ट नमूद केलेत. नाही म्हणाल्या तर सोडून देणार. बायको म्हणते, हो म्हणाल्या तर आधी एक आठवडा तू एकटा झोपून दाखव तिथे.