लांबच्या प्रवासात एसीची हवा बंद पडते, गॅस भरूनही फरक नाही. कॉम्प्रेसर बदलायचा का?

चिपळूणकर७४
नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, सात वर्षं जुनी. पुण्याला निघालो की तासाभराने एसीची हवा मंदावते. ब्लोअर फुल्ल, आवाज जोरात, पण जाळीतून झुळूकही येत नाही. पाटणला चहाला थांबलो की गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं आणि पुन्हा निघाल्यावर एसी गारेगार! गावातल्या गावात काहीच तक्रार नाही. गॅरेजमध्ये गॅस भरून घेतला, स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड नाही. आता कॉम्प्रेसर गेलाय म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात कूलिंग कॉइल काढून साफ केली होती, एवढं एकच काम झालंय.

एसीवाला_कोल्हापूर
दादा, कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नका. तो चांगलं काम करतोय, नको तितकं करतोय. तुमची कूलिंग कॉइल गोठते. पाकळ्यांमध्ये बर्फ धरला की हवा जाणार कुठून? थांबलात की बर्फ वितळतो, तेच ते थारोळं.

कॉइलच्या पाकळ्यांमध्ये एक बारीक सेन्सर खोचलेला असतो, थर्मिस्टर. गारवा वाढला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि कॉइल शून्याच्या जवळ आली की कॉम्प्रेसर कट होतो. कॉइल साफ करून परत बसवताना हा सेन्सर नीट खोचला नाही, तर तो कॉइलऐवजी आजूबाजूची हवा मोजत बसतो. हवा आठ-दहा डिग्री, म्हणून कॉम्प्रेसरचा क्लच कट होतच नाही. कोड न येण्याचं कारणही हेच. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर कोड येतो. सेन्सर धडधाकट पण भलत्या जागी असेल, तर स्कॅनरला त्यात वावगं काही दिसत नाही.

गॅस कमी असला तरी कॉइल गोठते, म्हणून आधी गॅसवर शंका घेणं गैर नव्हतं. एसी फिल्टर तुंबला असेल तरीही तेच होतं, तो आधी काढून बघा. कोकणातल्या दमट हवेत तर बर्फ फार लवकर धरतो.

पुढच्या वेळी हवा मंदावली की एसी बंद करून ब्लोअर फुल्ल ठेवा. थोड्या वेळात हवा पूर्ववत आली तर बर्फच. मग सेन्सर काढून बर्फ घातलेल्या पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आकडा बघा. शून्याच्या आसपास आला तर सेन्सर चांगला, फक्त जागेवर खोचा. आकडा वरच अडकला तर बदला. किती ओहम यायला हवेत ते गाडीगणिक वेगळं असतं, कुणाच्या व्हिडिओतला आकडा धरू नका.

नाशिककर_मीनल
माझं उलटं आहे. कॉम्प्रेसर चालूच होत नाही, कोड पी०५३२. मेकॅनिक म्हणतो प्रेशर सेन्सर बायपास करून देतो. करू का?

एसीवाला_कोल्हापूर
मुळीच नको, ताई. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस गळून गेला असेल आणि तुम्ही कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवलात, तर कोरडा घासून जाम होईल.

पी०५३२ म्हणजे गॅसचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सुरू न करता प्रेशर गेज लावायला सांगा. १३४ए गॅस असेल तर ३० डिग्रीला साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसायला हवेत. त्यावरून गॅस भरपूर आहे असं ठरत नाही, पण सिस्टिम रिकामी नाही एवढं नक्की. गेज ९५ आणि स्कॅनर शून्याजवळ दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर. सेन्सरचा कपलर (वायरचं सॉकेट) काढून चावी ऑन करा. तीन पिनांपैकी एकीवर ५ व्होल्ट, एकीवर अर्थ मिळायला हवा. ५ व्होल्टच नसतील तर नवा सेन्सर घालून पैसे वाया जातील. कंडेन्सरजवळ वायर कुठे घासलीय का, उंदरांनी कुरतडलीय का, ते आधी बघा.

चिपळूणकर७४
एसीवाले दादा, मनापासून आभार! ग्लोव्ह बॉक्स उतरवून बघितलं, सेन्सर कॉइलला टेकलेलाच नव्हता, क्लिपही तुटलेली. बर्फाच्या पाण्यात १ डिग्री दाखवला. नवी क्लिप लावून खोचला, काल पुण्यापर्यंत हवा एकसारखी आली. वरून भरलेल्या गॅसचं काय करू?

एसीवाला_कोल्हापूर
फार बरं वाटलं. गॅस अंदाजाने भरला असेल तर मशीनवर पूर्ण काढून घ्या आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच वजन करून भरा. जास्तीच्या गॅसने हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूचं, प्रेशर चढतं.