बेंचवरच्या मुलींचं अंग गार पडू नये म्हणून काय करता?

प्रश्न
मी १७ वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉल कोच आहे. वॉर्मअप सगळ्यांचा एकत्र होतो, मग राखीव मुली बसून राहतात. तिसऱ्या क्वार्टरला कुणीतरी फाउलमध्ये अडकते, मी बेंचवरून एकीला उठवते आणि पहिल्याच फास्ट ब्रेकला (बॉल हाती येताच समोरच्या बास्केटकडे सुसाट धावताना) तिच्या मांडीत चमक भरते. मनाने ती केव्हाची आत असते, अंग मात्र गार पडलेलं. फार वाईट वाटतं, कारण तिच्या वाट्याला मिनिटंच मोजकी येतात. बेंचजवळ जागा हातभर. तिथल्या तिथे काय करून घ्यावं?

उत्तर १
मी फिजिओ आहे. मांडीआधी कंबरेकडे बघा. पाठ-कंबरेचे अभ्यासक स्टुअर्ट मॅगिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये व्हॉलीबॉलपटूंवर हेच तपासलं: वॉर्मअपनंतर अर्धा तास बेंचवर बसवलं, तर कंबर पुन्हा ताठरली. एनबीएतल्या फिनिक्स सन्स संघाचा स्टीव्ह नॅश बाहेर आला की कडेला जमिनीवर आडवा व्हायचा, तो कंबरेच्या दुखण्यामुळेच. मुलींना पोक काढून बसू देऊ नका. जॅकेट आणि ट्रॅक पँट हाक येईपर्यंत अंगावरच राहू द्या, ऊब टिकते. आत जायच्या तोंडावर मिनिट-मिनिट ताणून धरणारं स्ट्रेचिंग नको, त्याने उडीतला जोर घटतो.

उत्तर २
मी बरीच वर्षं सहावा, म्हणजे बेंचवरून पहिला आत जाणारा, म्हणून उतरतोय. बसल्या बसल्या टाचा उचलायच्या, पाय सरळ करून पंजे स्वतःकडे ओढायचे, नितंब आवळून सोडायचे. शेजारच्यालाही कळत नाही. टाइमआउटला कोच बोलत असतात तेव्हा मी मागे उभा राहून चवड्यांवर वरखाली करतो, कान त्यांच्याकडे. पण खरी संधी दोन क्वार्टरांच्या मधली २ मिनिटं आणि हाफटाइमची १५. डिफेन्सिव्ह स्लाइड (गुडघे वाकवून आडवं सरकणं), गुडघे वर घेत धावणं, मग एक-दोन स्प्रिंट पूर्ण वेगात. नुसते शॉट मारत उभं राहिलं तर हात बसतो, पाय थंडच राहतात. बहुतेक राखीव खेळाडू नेमकं तेच करतात, मला ते बघवत नाही.

उत्तर ३
फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाने खेळ चालू असताना मुख्य कोच किंवा पहिला सहायक, दोघांपैकी एकालाच उभं राहता येतं. बेंचमागे हालचाल चालेल का, हे सामन्याआधी पंचांना विचारून ठेवा.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. ट्रॅक पँट बुटांवरून निघता निघत नाही, म्हणून बाजूला बटणं असलेल्या घेऊ. आणि एखादीला तिसरा फाउल लागला की तिच्या बदलीला तेव्हाच सांगून ठेवीन, म्हणजे पंचांनी हो म्हटलं तर तिला मागे चार स्लाइड मारता येतील.