एकच ट्रिगर वापरायचा की सगळे एकत्र करायचे?

कणवेडी: एलएचसीत (सर्नच्या मोठ्या कण-टक्करयंत्रात) दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे झुबके एकमेकांना छेदतात. सगळं साठवणं अशक्य, म्हणून कोणती घटना, म्हणजे टक्कर, ठेवायची ते ट्रिगर, म्हणजे निवडीची झटपट तपासली जाणारी अट, ठरवतो. वारंवार फायर होणाऱ्या ट्रिगरला प्रीस्केल लावतात. प्रीस्केल १० म्हणजे दहातली एकच घटना ठेवायची. विश्लेषणाला दोन ट्रिगर उपयोगी असले तरी बरेच जण मोजमापाच्या (उदा. ऊर्जेच्या) प्रत्येक पट्ट्यात एकच धरतात आणि दुसऱ्याने पकडलेल्या घटना सोडून देतात. हे मला अजिबात पटत नाही. कोणत्याही ट्रिगरने पकडलेली घटना घ्या, फक्त वजन (ती किती घटनांच्या जागी मोजायची तो आकडा) नीट द्या. प्रीस्केल १० आणि २० असतील आणि घटना दोन्ही अटींत बसत असेल, तर ती टिकण्याची शक्यता १ − (०.९ × ०.९५) = ०.१४५. म्हणजे वजन ६.९, एकट्या पहिल्या ट्रिगरवर ते १० असतं. हाती आलेला डेटा का सांडायचा?

सरळरेघ: उदाहरण तुमच्या सोयीचं आहे. प्रीस्केल १० आणि १००० घ्या: वजन १० वरून ९.९ वर येतं. एवढ्यासाठी कोण झगडणार? जेटच्या (एकाच दिशेने निघालेल्या कणांच्या फवाऱ्याच्या) मोजमापात ट्रिगरचे उंबरठे चढत जातात आणि शेजारच्या ट्रिगरांच्या प्रीस्केलमध्ये बऱ्याचदा मोठा फरक असतो. कार्यक्षमता (योग्य घटनांपैकी ट्रिगर पकडतो तो वाटा) जिथे पूर्ण झाली तिथून पुढे एकच ट्रिगर धरला की चूक शोधणंही सोपं. शिवाय दुसरी अट पूर्ण झाली होती हे कळणार कसं? ट्रिगरची निवड पातळ्यापातळ्यांनी होते; वरच्या पातळीवर प्रीस्केलने वगळलेला अल्गोरिदम वेळ वाचवायला बहुधा चालवतच नाहीत.

कणवेडी: पहिल्या पातळीवर प्रीस्केलआधीचा निकाल नोंदलेला असतो, तिथे अडचण नाही. वरच्या पातळीचा निर्णय साठवलेल्या घटनांवर नंतर पुन्हा काढता येतो. काम वाढतं, मान्य. पण दुर्मिळ घटनांच्या शोधात ते करायलाच हवं.

म्यूऑनवाला: तुम्ही दोघंही प्रीस्केलवरच अडकलात. एक-म्यूऑन आणि दोन-म्यूऑन (म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) असे मुख्य ट्रिगर बिनप्रीस्केलचे असतात, तिथे एकत्र करण्यात फायदाच आहे. पण दोन्ही त्याच म्यूऑनवर फायर होतात. कार्यक्षमता स्वतंत्र धरून वरच्यासारख्या सूत्रात घातल्या तर उत्तर फुगतं, कारण डिटेक्टरच्या फटीत गेलेला म्यूऑन दोघांनाही दिसत नाही. म्हणून एकत्रित निवडीचीच कार्यक्षमता थेट मोजा, म्यूऑनशी संबंध नसलेल्या ट्रिगरने घेतलेल्या घटनांवर.

सरळरेघ: हे पटलं. पण जेटसाठी मी एका पट्ट्याला एकच ट्रिगर धरणार. प्रकाशमानता (टक्करींचा दर ठरवणारं झुबक्यांचं माप) उतरली की प्रीस्केल बदलतात. मग प्रत्येक बदलागणिक वजन वेगळं.

कणवेडी: रन-रननुसार (रन म्हणजे डेटा घेण्याचा एक सलग टप्पा) वजन देऊच नका. प्रत्येक रनमधल्या टिकण्याच्या शक्यतेला त्या रनच्या एकूण प्रकाशमानतेच्या प्रमाणात महत्त्व देऊन सगळ्या काळाची सरासरी काढा आणि तिचा व्यस्त घ्या. एखाद्या घटनेला अवाढव्य वजन मिळून आलेख उसळायचा थांबतो.