मदत हवी आहे: कुत्रा चावलाय, सिरम कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, माझ्या भाच्याला काल संध्याकाळी कऱ्हाडजवळ गावात भटकं कुत्रं चावलं, पोटरीत दात खोल गेलेत, रक्त आलं, ताईने लगेच साबण लावून नळाखाली १५ मिनिटं जखम धुतली आणि सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीचा पहिला डोसपण झालाय. पण रक्त आलं म्हणजे कॅटेगरी ३ (सगळ्यात गंभीर प्रकारचा चावा), त्यात लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं) सिरमही द्यावं लागतं आणि ते तिथे संपलंय! पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आत देता येतं, तरी आम्हाला थांबायचं नाहीये. कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर, कुठे आत्ता स्टॉक आहे कुणाला नक्की माहितीये का? आजी हळद-चुना लावा म्हणत होत्या, लावू दिलं नाही. कुत्रं परत दिसलंच नाही, त्यामुळे १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवणंही शक्य नाही. प्लीज लवकर सांगा, गाडी तयार आहे.