प्रतिसाद: ससा दिसला म्हणजे झालं असं नाही

वर कुणीतरी लिहिलंय की क्रुएल्टी फ्री, म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेलं सौंदर्यप्रसाधन हवं असेल तर पाकिटावर सशाचं चिन्ह दिसलं की डोळे झाकून घ्यायचं. अर्धंच पटलं, कारण ससा काय कुणीही छापतं. माझ्याकडच्या एका लिपबामवर चांगला गुबगुबीत ससा होता, खाली बारीक अक्षरात 'फिनिश्ड प्रॉडक्ट नॉट टेस्टेड', म्हणजे तयार माल तपासला नाही, आतल्या कच्च्या मालाचं काय ते गुलदस्त्यातच! लीपिंग बनी या क्रुएल्टी फ्री प्रमाणपत्राचा ससा उडी मारतानाचा असतो, सोबत तारे, आणि त्यांच्याकडे कंपनीला ठरावीक तारखेनंतर कच्चा माल पुरवणाऱ्यांकडूनही प्राण्यांवर चाचणी नाही हे दाखवावं लागतं, वर बाहेरचं ऑडिट. पेटा या प्राणीहक्क संघटनेचं प्रमाणपत्र मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालतं, त्यामुळे मी तरी त्याला जरा कमी मार्क देते. शंका आली तर या दोघांच्या साइटवरच्या यादीत ब्रँडचं नाव शोधायचं, मिनिटाचं काम आहे. माझा लिपबामवाला कुठल्याच यादीत नव्हता.

आणि हो, क्रुएल्टी फ्री म्हणजे व्हेगन (प्राणिजन्य घटक नसलेलं) नव्हे हं. लाल लिपस्टिकच्या मागे घटकांत सीआय ७५४७० हा रंगाचा क्रमांक दिसला तर ते कार्माइन, किड्यांपासून काढलेला रंग. ससा खरा असला तरी हे आत असू शकतं.