माठ मे महिन्यात गार, पावसाळ्यात का नाही?

प्रश्न (भुसावळ): पोरगी सातवीत आहे. 'बाष्पीभवनाने थंडावा निर्माण होतो' हे वाक्य घडाघडा म्हणते. परवा पाणी पिताना विचारते, "पप्पा, ४५ डिग्रीत माठ गार होता, मग आता का नाही?" मी केळीवाला माणूस, गप्प बसलो.

उत्तर (चोपडा, निवृत्त मास्तर): भाऊ, प्रश्न फर्स्टक्लास! पाझरलेल्या १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. ती बरीचशी माठातल्या पाण्यातूनच जाते. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून वाफ भराभर होते. आता हवेतच बाष्प भरलंय. दोन थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा, पंख्याखाली ठेवा. आकडे तिलाच लिहू द्या. तापाचा थर्मामीटर नको, तो ३५च्या खाली दाखवत नाही.

उत्तर (यावल): माठ जुना आहे का? आमच्या बोअरच्या क्षारानं छिद्रं बुजतात. मग मे महिन्यातही कोमटच.

प्रश्नकर्ता: माठ यंदाचाच. प्रयोग केला. कोरडा ३०, ओला २७. आता म्हणते मे महिन्यात परत मोजायचं, तोवर थर्मामीटर तिच्याच दप्तरात.